व्हर्लीनच्या स्वप्नातले मासे

व्हर्लीन टब्ज शुक्रवारी सकाळी दचकून जागी झाली ती थेट पलंगावर मांडी ठोकूनच बसली. स्वप्नात तिच्या न्हाणीघरातला टब मिशाळ माशांनी काठोकाठ भरला होता. चांगले हातहातभर लांबीचे कॅटफिश, एकमेकांच्या अंगावर लोळत, शेपट्या आपटत, लग्नघरात एकाच गादीवर दाटीवाटीने निजवलेल्या पोरांसारखे. त्यातल्या एकाने तर तोंड वर काढून विचारलंही होतं, "बाई, पाणी जरा कोमट करता का?"

"अगं बाई!" व्हर्लीन मोठ्याने म्हणाली. "आता कोण?"

कारण तिच्या लोकांत माशाच्या स्वप्नाचा एकच अर्थ. मासा दिसला की जवळपासच्या कुणाला तरी दिवस गेलेले असतात. मिसिसिपीहून शिकागोला आलेल्या आज्यांनी आपल्या लोखंडी तव्यांबरोबर हे ज्ञानही गाठोड्यात बांधून आणलं आणि तव्यांइतकंच ते आजही वापरात आहे. दक्षिण शिकागोच्या त्या चार-दोन गल्ल्यांत स्वप्नं बऱ्याच जणींना पडतात, पण व्हर्लीनचा मासा कधी म्हणजे कधी चुकला नव्हता. पोस्टातल्या बाईला मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगून झालं होतं; व्हर्लीनला मासा दिसला आणि जुळी झाली. एकदा स्वप्नात नुसतेच खवले दिसले, तर शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली.

"देवाने मला गळा दिला नाही," ती म्हणायची, "नवरा दिला तो लवकर नेला. पण मासे मात्र बिनचूक दिले." एवढा एकच गर्व तिने आयुष्यात बाळगला होता. तो ती रविवारच्या टोपीसारखा जपायची आणि तसाच मिरवायचीही.

त्या सकाळी तिने आधी स्वतःला वगळलं. वय अठ्ठावन्न, पिशवी कधीच काढून टाकलेली. "मी तर सुटले," असं म्हणून ती चहा ठेवायला उठली.

माशांचा हा वारसा तिच्या आजीचा. आणि आजीच्याच एका माशाने व्हर्लीनचं आयुष्य उलटंपालटं केलं होतं. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायची वेळ आली, तशी आजी उठली, टोपी सावरली आणि भर मंडळीत म्हणाली, "काल मी मासा पाहिला." झालं! संध्याकाळपर्यंत मावश्या-आत्यांनी घरातल्या एकेकीला खिडकीजवळ उभं करून न्याहाळलं आणि व्हर्लीन सापडली. पुढच्या रविवारपर्यंत बाळाचं नाव ठरलं, पाळणा आला, शाळा सोडायची ते ठरलं, कोणत्या मावशीकडे राहायचं ते ठरलं, त्या खोलीच्या पडद्यांचा रंगसुद्धा ठरला. एवढ्या सगळ्या ठरवाठरवीत व्हर्लीनला कुणी एक शब्द विचारला नाही. पडद्यांबद्दलही नाही.

मुलगा झाला, सेड्रिक. तो आता चाळिशी ओलांडलेला, शहराची बस चालवणारा, आईच्या गल्लीवरून जाताना हॉर्न वाजवल्याशिवाय न राहणारा. त्याच्यावर तिचा असा जीव की त्याला साधी शिंक आली तरी ही इकडे आल्याचा काढा उकळायला घेते. "सेड्रिकचं मला कणभर वाईट वाटत नाही," ती सांगायची. "वाईट वाटतं ते विचारलं नाही त्याचं. मी हो म्हटलं असतं की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही. ते कळायची संधीच कुणी दिली नाही."

म्हणून पुढे, सेड्रिक शाळेत गेल्यावर, तिने दोन कामं धरली. एक पोटासाठी, एक मनासाठी. पोटासाठी घराच्या पुढच्या खोलीत वेण्या घालायच्या, गंगावन मिसळून, बारीक बारीक, सकाळी बसलेलं गिऱ्हाईक तिन्हीसांजेला उठेल अशा. आणि मनासाठी वस्तीतल्या केंद्रात सोबतीण म्हणून जायचं. दिवस गेलेली कुणी कोवळी पोर आली की तिच्याबरोबर बसायचं, पुढचे सगळे रस्ते तिला दाखवायचे, ती जो धरेल त्या रस्त्याने तिच्याबरोबर चालायचं. मोठ्या दवाखान्यात काळ्या पोरींचं दुखणं अर्धंच ऐकलं जातं. तिथे व्हर्लीन पर्स मांडीवर घेऊन खाटेशेजारी बसायची आणि ज्याला त्याला सांगायची, "ती दुखतंय म्हणतेय. दुखतंय म्हणजे दुखतंय. पुन्हा तपासा." प्रार्थना करायची ती ओठ न हलवता. कारण पूर्वी एकदा एका बाळंतिणीने तिचे हलते ओठ पाहिले आणि आपलं काही खरं नाही असं समजून किंकाळी फोडली होती.

तिच्या हाताखालून गेलेल्या एकीने बाळ वाढवलं. तो पोरगा आता व्हर्लीनच्या पायऱ्यांवर बसून तिच्याच डब्यातली बिस्किटं संपवतो. एकीने आपलं बाळ मिलवॉकीच्या एका जोडप्याच्या ओटीत घातलं. दर वाढदिवसाला फोटो येतो, तो घेऊन ती आधी व्हर्लीनकडे येते आणि दोघी थोडं रडून भरपूर केक खातात. एकीने गर्भ ठेवला नाही. काही वर्षांनी तीच लग्नाच्या वेण्या घालायला त्याच खुर्चीत येऊन बसली. यांतल्या कुणाचं बरोबर, असं एकदा खुद्द पाळकांनी विचारलं होतं.

"तिघीही माझ्याकडे परत आल्या," व्हर्लीन म्हणाली. "त्यापलीकडचं माझ्या डोक्यात शिरत नाही."

आणि एक नियम. कुणाचे केस हातात असताना सल्ला द्यायचा नाही. डोकं दुसऱ्याच्या हातात अडकलेल्या माणसाला मान हलवून नाही म्हणता येत नाही, असं तिचं म्हणणं.

तर तो शुक्रवार. नेमका महिन्याचा पहिला. पहिल्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळायचे आणि तळायला व्हर्लीनच. मक्याच्या पिठात तिचा हात असा चाले की तळघरात नास्तिक आला तर तो आमेन म्हणूनच बाहेर पडायचा. रिवाज असा की तळणाऱ्या बाईने पहिला तुकडा सगळ्यांच्या देखत खायचा, "देव चांगला आहे" म्हणायचं, मग रांग सुटायची.

आणि इथेच तर खरी गोची होती. माशाचं स्वप्न पडलं की त्या दिवशी मासा व्हर्लीनच्या घशाखाली उतरत नसे. निरोप घेऊन आलेल्या पाहुण्यालाच पिठात घोळवून कसं खायचं? अशा दिवशी ती डोकं दुखतंय म्हणून घरी बसायची. पण आज तेल तापलं होतं, माणसं ताटकळली होती आणि मदर ओझेला पेटवे बशीत सगळ्यांत मोठा तुकडा घेऊन समोर उभी होती.

ओझेला मंडळीतली थोर म्हातारी. पांढरा झगा, पांढरे हातमोजे आणि डोक्यावर एवढी मोठी टोपी की तिच्या मागच्या दोन बाकांवर कुणी बसत नसे. तिच्या मुलीच्या माघारी नात जोनेलला तिनेच वाढवलेलं. जोनेल एकोणीस वर्षांची, दातांच्या दवाखान्यात दात साफ करायचं शिक्षण घेत होती आणि आता कोबीच्या कोशिंबिरीच्या पातेल्यामागे डाव घेऊन उभी होती.

"घे गं," ओझेला म्हणाली. "लोकांच्या जिभा पायाला लागल्यात."

"मदर, मला..." व्हर्लीनने बशी हळूच बाजूला सारली. "मला आज कोंबडी द्या."

रांगेतल्या बशा खाली आल्या. कढईतलं तेल तेवढं बोलत राहिलं.

"काय म्हणालीस?"

"कोंबडी. नुसते पंख असले तरी चालतील."

ओझेलाने बशी खाली ठेवली. हातमोजे काढले. "व्हर्लीन टब्ज! तू मासा पाहिलास!"

मग जे काय उठलं ते विचारू नका. सगळ्या बायका एकमेकींच्या पोटांकडे बघायला लागल्या आणि ज्यांच्याकडे बघितलं त्या पर्स पोटाशी धरायला लागल्या.

"माझ्याकडे काय बघताय?" खजिनदार बाई ओरडली. "माझा नवरा सहा महिने अलास्कात आहे!"

"म्हणूनच बघतोय," मागून कुणीतरी म्हणालं.

"मी सासष्ट वर्षांची आहे गं बायांनो!"

"बायबलातली सारा नव्वदीची होती, तिला झालं की!"

"व्हर्लीन, मासा केवढा होता ते सांग. रंग कसा होता?"

"कोंबडी," व्हर्लीन म्हणाली. "मी फक्त कोंबडी मागितली. माणसाने कोंबडी मागायची नाही का?"

नेमक्या त्याच वेळी पाळकांची बायको लेनोरा जिना उतरून खाली आली. पन्नाशीला टेकलेली, अंगाने भरलेली. एक हात कंबरेवर, झगा नेहमीपेक्षा सैल आणि दुसऱ्या हातात खारवलेल्या काकड्यांची मोठी बरणी. "काय झालं? एवढा गलका कसला?" ती म्हणाली आणि बरणी छातीशी धरून तिने एक खोल उसासा सोडला.

तळघरातल्या साऱ्या टोप्या एकदम तिच्याकडे वळल्या.

"पाळकबाई!" ओझेला पुटपुटली आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "प्रभूची स्तुती असो!"

व्हर्लीन 'अहो नाही, त्या नव्हेत' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिची नजर कोशिंबिरीकडे गेली. जोनेलच्या हातातला डाव पातेल्यावर तसाच थांबला होता. त्यातून कोबी टपाटप टेबलावर पडत होता आणि पोरीचं लक्षच नव्हतं. ती व्हर्लीनकडे बघत होती, बस सुटताना मागून पळणारं माणूस ड्रायव्हरकडे बघतं तशी.

व्हर्लीनला सगळं कळलं. पाळकबाई नव्हे म्हटलं की मग कोण, हा शोध पुन्हा सुरू होणार. शोधणारी सगळ्यांत पटाईत बाई त्या पोरीची आजी. संध्याकाळपर्यंत खिडकीजवळ उभं करणार, रविवारपर्यंत पडदे ठरणार.

तिने उघडलेल्या तोंडात कोंबडीचा पंख कोंबला आणि ती चावत राहिली.

रांग सुटल्यावर लेनोरा तिला हाताला धरून भांडी घासायच्या मोरीशी घेऊन गेली. "सिस्टर व्हर्लीन, इथवर येईपर्यंत तिघींनी माझं अभिनंदन केलं आणि एकीने पायाखाली स्टूल सरकवलं. मला काय झालंय?"

"तुमच्या हातात काकड्यांची बरणी होती, पाळकबाई. डोहाळे वाटले त्यांना."

"झाकण निघत नव्हतं! उघडायला पुरुष शोधत होते मी!"

व्हर्लीनला हसू आवरेना. हसता हसता तिने थोडक्यात सांगितलं, की मासा खरा आहे, पण जिचा आहे तिला विचार करायला चार दिवस मिळायला हवेत.

"कोण..." लेनोराने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. "नाही, नाव सांगू नकोस. माहीतच नसलं तर खोटं बोलावं लागणार नाही. तिला पुरतील तेवढे दिवस मी पोट सोडून चालते. तसंही आत ओढून ओढून माझी कंबर मोडलीय."

"आणि कुणी विचारलं तर?"

"'देवाच्या हाती आहे' म्हणेन. सगळंच असतं. त्यात खोटं काय?" आणि पाळकबाई अशा ऐटीत डुलत जिना चढून गेल्या की चर्चचे दोन कारभारी, डीकन, धावत दार उघडायला गेले.

शनिवारी सकाळी जोनेल वेण्या घालायला आली. कधी नव्हे ती वेळेच्या आधी. अर्धं डोकं होईपर्यंत ती हवापाण्यावर बोलली, दातांच्या किडीवर बोलली, मग एकदम म्हणाली, "तो मासा माझा होता ना, मावशी?"

"मला मासे दिसतात. त्यांच्या गळ्यात पाट्या नसतात."

"माझा होता. चाचणी केली मी. दोनदा." व्हर्लीनने पुढची वेणी धरली. "मार्केलला सांगितलं. तो रडला, मग म्हणाला तू म्हणशील तसं, मग पुन्हा रडला. चांगला आहे तो. पण त्याला अजून स्वतःचे मोजे सापडत नाहीत."

"हं."

"मला मूल आवडतं. कधीतरी हवंही आहे. पण आत्ता नको वाटतं, आणि नको वाटलं की आपण वाईट आहोत असं वाटतं. मावशी, काहीतरी बोला ना!"

"हातात केस आहेत."

"मोडा ना एकदा तो नियम!"

"राष्ट्राध्यक्षांची बायको या खुर्चीत बसली तरी मोडणार नाही. मान सरळ."

तेवढ्यात दार वाजलं आणि कुणी उघडायच्या आत ओझेला आत आली, काखेत चिंध्यांचं गाठोडं घेऊन. जोनेल खुर्चीत गारठली. पळणार कुठे? एका बाजूला वेण्या आणि दुसऱ्या बाजूला केस झाडूसारखे उभे!

"तू इथे होय!" ओझेला नातीला म्हणाली. "बरं झालं. व्हर्लीन, तुझा तो जुना पिवळा झगा दे. पाळकबाईंच्या बाळाला दुपटं शिवतेय. मंडळीतल्या प्रत्येकाचा एक तुकडा. डीकन हबर्डचा टायसुद्धा आणला. ते झोपले होते."

आणि ती तिथेच बसली की ठाण मांडून! सुईत दोरा ओवता ओवता तिने पाळकबाईंच्या बाळाचं नाव ठेवलं, त्याला पियानो शिकवला, वकील केलं आणि त्याची बायको नापसंत केली. जोनेल आरशातून व्हर्लीनकडे बघत होती, व्हर्लीन छताकडे.

"तुझंही होईल हं," ओझेला नातीला म्हणाली. "तुझ्या वेळी मी याहून मोठी गोधडी शिवीन. पण क्रमाने. आधी दात, मग मूल, मग नवरा." ती थबकली. "नाही, चुकलं. कुठेतरी चुकलं."

ती गेल्यावर दार लागतंय न लागतंय तोच दोघी अशा फुटल्या की व्हर्लीनच्या हातून कंगवा उडून दिव्यावर आपटला. जोनेल हसता हसता रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "तिला कळलं तर माझ्याही बाळाची बायको ठरेल."

"केंद्रातर्फे मंगळवारी येतेस का माझ्याबरोबर?" व्हर्लीनने कंगवा उचलत विचारलं. हातात केस नव्हते, म्हणून विचारलं. "तिथे सगळं नीट सांगतात. ऐकून घे. ऐकल्याने काही ठरत नाही."

मंगळवारी दोघी निघाल्या त्या नेमक्या सेड्रिकच्या बसमध्ये चढल्या.

"आई? आज कुठे?"

"पुढे बघून चालव."

दवाखान्यातली नर्स तरणीच होती, त्यांच्यातलीच, केसांना रंगीत मणी लावलेली. बाळ ठेवलं तर काय, कोण मदत करतं, शिक्षणाचं काय होतं; दुसऱ्या घरी दिलं तर ते कसं, भेटता येतं का; ठेवायचं नसेल तर ते कसं, किती दुखतं. तिन्ही वाटा तिने सारख्याच आवाजात सांगितल्या, एकीवरही जोर न देता. मग विचारलं, "तुला कुणी भरीस घालत नाहीये ना?"

"छे!" जोनेल म्हणाली. "ही बाई तर शनिवारपासून 'हं'च्या पुढे गेलेली नाही."

बाहेर पडल्यावर दोघी सरोवराच्या काठी बाकावर बसल्या. वारा असा की बटाट्याचे तळलेले तुकडे तोंडात जाण्याआधीच थंड. सीगल पक्षी टपलेले. जोनेलने अर्धे त्यांना घातले, अर्धे खाल्ले. पुडी रिकामी झाली, तिने ती चुरगळली.

"मला ठेवायचं नाहीये, मावशी."

"कुणाचं ऐकून?"

"कुणाचं नाही. माझं."

"बरं," व्हर्लीन म्हणाली. सतरा वर्षांची एक मुलगी पिवळ्या पडद्यांच्या खोलीत कधीची बसली होती, तिला आज कुणीतरी विचारल्यासारखं वाटलं. "चल, नाकं गोठली."

पहिली गोळी दवाखान्यात घ्यायची होती, बाकीच्या घरी. जोनेल व्हर्लीनच्या सोफ्यावर पोटाला गरम पाण्याची पिशवी लावून पडली. मार्केल येऊन आल्याच्या सोड्याच्या एवढ्या बाटल्या ठेवून गेला की एखादं लग्न उरकलं असतं. जाताना घाबरून व्हर्लीनलाच मिठी मारली आणि "थँक यू, डॉक्टर" म्हणाला. जोनेल कळा येत असतानाही हसली. "हसवू नका हो, दुखतंय!" व्हर्लीनने तिचे पाय चोळले आणि ओठ न हलवता जे म्हणायचं ते म्हटलं.

दुपारी दार वाजलं आणि उघडलं.

"झालं पुरं!" ओझेलाची आरोळी आधी आली, मग गोधडी, मग ओझेला. दुपटं म्हणून सुरू झालेली ती वस्तू आता गाडी झाकता येईल एवढी झाली होती. "थांबताच येईना. प्रत्येक जण तुकडा देतच..."

ती थांबली. तिने सोफा पाहिला. पिशवी पाहिली, टेबलावरच्या दवाखान्याच्या पुडक्याकडे पाहिलं, नातीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओझेला पेटवेला कुणी काही समजावून सांगावं लागत नसे.

व्हर्लीन मध्ये उभी राहिली. कंबरेवर हात ठेवून, दवाखान्यात राहायची तशी.

"आजी," जोनेल उठून बसत म्हणाली, "मी सांगते. माझं मी सांगते." आणि तिने सांगितलं. लांबण लावली नाही, माफी मागितली नाही, आवाज तेवढा दोनदा फाटला.

ओझेलाने टोपी काढून टेबलावर ठेवली, तशी खोलीत एकदम जास्त उजेड आला.

"मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं," ती शेवटी म्हणाली.

"माहीत आहे."

"म्हणून विचारलं नाहीस."

"म्हणून."

"हं." म्हातारी सोफ्याच्या कडेवर बसली. "मी तुझ्यासाठी प्रार्थना करणार. मोठ्याने. ऐकायची नसेल तर कान झाक." मग तिने ती गाडीएवढी गोधडी उलगडली आणि नातीच्या पायांपासून हनुवटीपर्यंत घातली, डीकन हबर्डच्या टायसकट. "काही खाल्लंस का? व्हर्लीन, या पोरीला काही घातलंस की नुसता सोडाच पाजतेस? बाजूला हो, सूप मी करते. तुझ्या सुपात मीठ नसतं."

रविवारी उपासनेत साक्ष द्यायची वेळ आली, तशा पाळकबाई उठल्या. मंडळी सरसावून बसली.

"भगिनींनो, तुमच्या शुभेच्छांबद्दल आभारी आहे," लेनोरा म्हणाली. "पण मला बाळ होणार नाहीये. मी जाड झालेय. त्याला जबाबदार या मंडळीतले गोडगोड पीच कॉबलर आहेत, आणि त्यांच्यासाठीही मी देवाची आभारी आहे."

छत उडेल असा हशा झाला. पाळकांनी बायबलमागे तोंड लपवलं. आणि मग एकेक टोपी हळूहळू व्हर्लीनकडे वळली.

"मग मासा?" खजिनदार बाईने विचारलं. "कुणीच नाही?"

गायकांच्या रांगेतून जोनेल तिच्याकडे बघत होती. व्हर्लीनला आपले मासे एकेक करून आठवले, सगळे बिनचूक, एवढ्या वर्षांची एकसुद्धा न चुकलेली रांग. ती उठून उभी राहिली, टोपी सावरली.

"चुकला," ती म्हणाली. "वय झालं. जेवण जड झालं असेल."

पुढच्या पहिल्या शुक्रवारी तिची जी टिंगल झाली! "व्हर्लीन, उद्या पाऊस का गं?" "स्वप्नातला तो मासा रबरी असेल, खेळण्यातला!" "कढईत बघ, लॉटरीचा आकडा दिसतोय का!" सगळ्यांत जोरात बोलत होती ओझेला. "तिच्या स्वप्नांना मोतीबिंदू झालाय," ती रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशी म्हणाली आणि तेवढं म्हणून तिने कढईतला सगळ्यांत मोठा, सगळ्यांत कुरकुरीत तुकडा व्हर्लीनच्या बशीत वाढला. व्हर्लीनने तो काट्यासकट खाल्ला. "देव चांगला आहे," ती म्हणाली, आणि कोशिंबिरीमागून जोनेल मोठ्याने "आमेन!" ओरडली.

वसंत उलटता उलटता तो टब पुन्हा स्वप्नात आला. या वेळी मासा एकच होता, छोटा आणि लाजाळू. दिवस पहिल्या शुक्रवारचाच.

"मला कोंबडी द्या," व्हर्लीन म्हणाली.

कुणी मानसुद्धा वर केली नाही. "पित्त झालं असेल तिला," खजिनदार बाई म्हणाली आणि रांग सुटली. पर्स पोटाशी कुणी धरली नाही. कुणी कुणाकडे बघितलं नाही. व्हर्लीन पंख चघळत उभी राहिली. तिला एवढं हसू यायला लागलं की तिने तोंडावर रुमाल धरला, आणि ओझेलाने टोपीखालून तिला एक डोळा मारला.

शनिवारी सकाळी व्हर्लीनने कंगवा धुऊन ठेवला, खुर्ची उन्हाकडे वळवली आणि चहाला आधण ठेवलं.

दार वाजलं. बाहेर अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी उभी होती, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला.

"केस करायचेत," ती म्हणाली. "वेळ लागला तरी चालेल."